निघून जायला जागा

परभणी जिल्ह्याच्या जुन्या हद्दीत, म्हणजे 1 मे 1999 रोजी हिंगोली वेगळा होण्याआधीच्या हद्दीत, वेस्टर्न चित्रपटाला लागणारं बहुतेक सामान कधी ना कधी हजर होतं. हिंगोलीला निजामाच्या फौजेची छावणी होती. रिसाला, पलटण, तोफखाना या मोहल्ल्यांच्या नावांत ती अजून शिल्लक आहे. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं आणि जिल्ह्याच्या उत्तरेला दोन राजवटींची सरहद्द उभी राहिली. 1900 च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी रेल्वे सेलू, परभणी, पूर्णा अशी धावू लागली आणि स्टेशनांच्या आधाराने कापसाचे बाजार वाढले. घोडेस्वार, सरहद्द, आगगाडी, रोकड खेळवणारा बाजार आणि त्या रोकडीवर डोळा ठेवणारी माणसं, असं सगळं इथे होतं. तरी या मुलखातून वेस्टर्न काही निघाला नाही. दरोडेखोरांच्या गोष्टी मराठीत आहेत, पोवाडे आहेत, वग आहेत. पण त्या ऐकताना कुणाला ‘शेन’ किंवा ‘हाय नून’ची आठवण होत नाही. ती का होत नाही हे शोधायला गेलं, की वेस्टर्न कशाने वेस्टर्न होतो आणि त्यात स्थळाची किंमत किती, या जुन्या वादाचं बरंचसं उत्तर हाती येतं.

वादाची एक बाजू अगदी सरळ आहे. वेस्टर्न म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेत, साधारण 1865 ते 1890 या पंचवीस वर्षांत घडणारी गोष्ट. स्थळ काढलं तर उरतं ते दुसरंच काही. गुप्तहेरकथा लंडनमध्ये घडेल तशी पुण्यातही घडेल, पण ज्या कथाप्रकाराचं नावच दिशेवरून पडलं आहे त्याला ती मोकळीक नाही, असं ही बाजू मानते. जॉन कावेल्टी या अभ्यासकाने 1971 मध्ये वेस्टर्नवर छोटं पण वजनदार पुस्तक लिहिलं, त्यातही वस्ती आणि रान यांच्या सीमेवरचं स्थळ हीच या प्रकाराची पहिली खूण ठरवली आहे. पण स्थळ म्हणजे जर डोळ्यांना दिसणारा मुलूख, तर हे म्हणणं चित्रपटांच्या इतिहासात एक दिवस टिकत नाही. या प्रकाराची सुरुवात ज्याच्यापासून मोजतात तो ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ 1903 मध्ये बहुतांशी न्यू जर्सीत चित्रित झाला, आणि न्यू जर्सी अमेरिकेच्या ऐन पूर्व किनाऱ्यावर आहे. जॉन फोर्डच्या ‘द सर्चर्स’ची (1956) कथा टेक्ससमधली, पण पडद्यावर दिसतात ते युटा आणि अॅरिझोनाच्या सीमेवरच्या मॉन्युमेंट व्हॅलीतले तांबडे सुळके. सर्जिओ लिओने या इटालियन दिग्दर्शकाने ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (1964) स्पेनमध्ये उभा केला. आणि ज्याला पुष्कळ जण या प्रकाराचा सर्वांत विचारी चित्रपट मानतात, तो फोर्डचाच ‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’ (1962), कृष्णधवल आहे आणि मुख्यतः स्टुडिओच्या चार भिंतींत घेतलेला आहे. त्यात क्षितिज जवळजवळ दिसतच नाही. सुळके, निवडुंग, धूळ ही नेपथ्याची बाब झाली, आणि नेपथ्य भाड्याने मिळतं.

मग दुसरी बाजू पुढे सरसावते. स्थळाला किंमत नाही, किंमत आहे ती परिस्थितीला: कायदा अजून पोचलेला नाही किंवा अर्धाच पोचला आहे, वस्तीला गुंडांचा त्रास आहे, आणि ज्याच्या हातात शस्त्र आहे असा एक परका माणूस न्याय करतो. ही व्याख्या जास्त हुशार आहे, पण ती परभणीच्या जुन्या हद्दीत आणून पारखली की अडखळते. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या फौजेतला अधिकारी हिंगोलीच्या छावणीत राहिलेला. 1839 मध्ये त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी आली. तिच्या प्रस्तावनेत त्याने हिंगोलीच्या सदर बाजारातल्या हरिसिंग नावाच्या व्यापाऱ्याची हकिकत दिली आहे. हा प्रतिष्ठित माणूस. छावणीतल्या अधिकाऱ्यांचे त्याच्याशी रोजचे व्यवहार. मुंबईहून आपला कापडाचा माल येतोय असं सांगून त्याने इंग्रज अधिकाऱ्याकडून परवाना घेतला, तो माल घेऊन येणाऱ्या खऱ्या व्यापाऱ्याला माणसांसकट वाटेत संपवलं, आणि त्याच परवान्यावर माल छावणीत आणून राजरोस विकला. कायदा अर्धा पोचलेला असणं याहून नेमकं ते काय असतं? पण ही वेस्टर्नची गोष्ट नाही, आणि नसण्याचं कारण मोलाचं आहे. हरिसिंग वस्तीबाहेर राहत नव्हता. तो बाजारपेठेच्या मधोमध दुकान थाटून होता, त्याला नाव होतं, पत होती, शेजार होता. कायद्याची पोकळी होती, पण ती रानात नव्हती, समाजाच्या आतच होती.

दुसरा दाखला याहून ठसठशीत आहे. हैदराबाद संस्थानाच्या मुक्तिलढ्यात, 1947-48 साली, सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात लढणाऱ्यांची शिबिरं होती. तिथून रात्री आत यायचं, करोडगिरीची, म्हणजे निजामाच्या जकातीची, नाकी जाळायची, आणि उजाडायच्या आत सरहद्द ओलांडून परतायचं, असा तो लढा. जानेवारी 1948 मध्ये आज नांदेड जिल्ह्यात असलेल्या उमरी या रेल्वे स्टेशनच्या गावी लढ्यातल्या कार्यकर्त्यांनी बँक लुटली आणि लाखोंची रोकड सरहद्दीपार नेली. रेल्वेचं गाव, बँक, बंदुका, सरहद्दीकडे रातोरात धाव. हॉलिवूडच्या कुठल्याही पटकथाकाराला यात एक शब्दही बदलावा लागला नसता. पण मराठवाड्यात ही हकिकत वेस्टर्नसारखी कधी सांगितली गेली नाही, आणि ते सांगणाऱ्यांचं अज्ञान नव्हे. बँक लुटणारे कायद्याबाहेरचे नव्हते, ते दुसऱ्या कायद्याची वाट बघत होते. पैसा लढ्याचा होता. सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईने संस्थान भारतात आल्यावर ही माणसं त्याच गावांत, त्याच वाड्यांत, त्याच नात्यागोत्यांत परत आली. कुणी शाळा काढली, कुणी वर्तमानपत्रात गेलं, कुणी निवडणूक लढवली. सूर्यास्ताकडे कुणी गेलं नाही.

मला महत्त्वाचं वाटतं ते इथे आहे. वेस्टर्नला कायद्याची पोकळी लागते खरी, पण ती पुरेशी नाही. त्याला निघून जायला जागा लागते. शेन (1953) खोऱ्यात येतो, शेतकऱ्यांच्या बाजूने गोळी चालवतो आणि निघून जातो. वस्ती ज्याच्यामुळे सुरक्षित होते त्याला त्या वस्तीत जागा उरत नाही. ‘हाय नून’चा (1952) मार्शल केन चौघा गुंडांना सामोरा जातो, छातीवरचा बिल्ला गावाच्या धुळीत टाकतो आणि बायकोला घेऊन गाडीतून निघतो. निघून जाणं हा इथे शेवटचा देखावा नाही, ती नायकाची नैतिक ताकद आहे: ज्याला गावाकडून काही नको आहे, आणि उद्या ज्याला गावात तोंड दाखवायचं नाही, तोच गावाला खरं तोंडावर सांगू शकतो. आणि अशी ताकद माणसाला तेव्हाच येते जेव्हा पलीकडे कुठेतरी दुसरी वस्ती, दुसरं नाव, दुसरं आयुष्य मिळण्याची शक्यता असते. अमेरिकेत ती शक्यता कायद्यानेच तयार केली होती. 1862 च्या होमस्टेड कायद्याने घर बांधून पाच वर्षं कसणाऱ्याला 160 एकर जमीन देऊ केली. 1890 च्या जनगणनेने सरहद्दीची रेषा आता उरली नाही असं जाहीर केलं, तीन वर्षांनी फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने शिकागोत त्या सरहद्दीनेच अमेरिकन माणूस घडवला असा सिद्धान्त मांडला, आणि 1902 मध्ये ओवेन विस्टरची ‘द व्हर्जिनियन’ आली. जागा संपली आणि मग तिची कथा सुरू झाली, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

यावर लगेच आक्षेप येईल की ती जागा मोकळी नव्हतीच. बरोबर आहे. तिथे कोमांचे होते, सू होते, नावाहो होते; त्यांना हुसकावूनच ती मोकळी करण्यात आली, आणि वेस्टर्नने पन्नास वर्षं त्यांना डोंगराआडून येणाऱ्या आरोळ्यांपुरतं ठेवलं. पण या आक्षेपाने माझं म्हणणं पडत नाही, उलट घट्ट होतं. वेस्टर्नला खरोखर मोकळी जागा नको असते. भरलेल्या जागेला मोकळी मानणारा समाज लागतो. असं खोटं सगळीकडे सारखं खपत नाही. गोदावरीच्या काठी ते खपण्याचा प्रश्नच नव्हता. गंगाखेड हे जनाबाईंचं जन्मगाव. चारठाण्याची मंदिरं, जिंतूरजवळची नेमगिरीची लेणी यांचं वय शतकांत मोजतात. इथली जमीन कुणाची हे नांगर धरणाऱ्यालाच काय, गुराख्याच्या पोरालाही माहीत असे, आणि जी कुणाचीच नव्हती ती अख्ख्या गावाची होती. रेल्वेने इथे गावं वसवली नाहीत. गावं होती म्हणून रेल्वे तिथे थांबली.

बरं, मराठी गावाला ‘बाहेर’ नव्हतं असंही नाही. वेस होती आणि वेशीबाहेर माणसं होती. फक्त ते बाहेर मोकळं नव्हतं, नेमून दिलेलं होतं. महारवाडा कुठे, मांगवाडा कुठे, पाल कुठे टाकायचं, किती दिवस टाकायचं, हे गावच ठरवी. अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’कडे (1959) या नजरेने बघावं. वारणेच्या खोऱ्यातली ही कथा वरवर पाहता वेस्टर्नच्या सर्वांत जवळची: घोडा, तलवार, दुष्काळ, सरकारी खजिन्यावर धाड, भुकेल्यांना वाटलेलं धन. पण फकिराचा शेवट कशाने होतो? इंग्रज सरकार त्याच्या माणसांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, धरून ठेवतं, आणि त्यांच्यासाठी तो स्वतः हजर होतो. शेनला कुणी असं धरू शकत नाही, कारण त्याचं कुणी नाही. त्याला आडनावसुद्धा नाही. फकिराला बाप आहे, बापाची अर्धवट राहिलेली गोष्ट आहे, जात आहे, आणि गुन्हेगार जमाती कायद्याने त्या जातीवर लादलेली हजेरी आहे. तो शूर कमी म्हणून वेस्टर्नचा नायक होत नाही असं नव्हे. त्याच्या शौर्याची किंमत दुसऱ्यांकडून वसूल होते, आणि हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. माझ्या मते ही वेस्टर्नपेक्षा अवघड गोष्ट आहे.

भटकं आयुष्य तरी स्वातंत्र्याचं असेल, असं कुणी म्हणेल. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (1980) आणि मराठवाड्यातल्याच लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ (1987) वाचलं की तो भ्रम उरत नाही. अमेरिकेच्या पडद्यावर अनोळखी स्वार गावात शिरतो तेव्हा सलूनमधली माणसं बोलायची थांबतात, पण त्याला कुणी विचारत नाही की तुझ्याकडे दाखला आहे का. इथे गाढवावर बिऱ्हाड टाकून हिंडणाऱ्याला आधी पोलीस पाटलाकडे वर्दी द्यावी लागे, आणि गावात कोंबडी गेली तरी संशय त्याच्यावर. तिथे हिंडणारा नायक ठरतो, इथे हिंडणारा आरोपी. दोन्हीकडे माणूस, जनावर आणि रस्ता आहेत. अर्थ उलटा करते ती जागा.

आता सगळ्यांत जोरकस आक्षेप. अकिरा कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराय’चा (1954) ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (1960) झाला, ‘योजिंबो’चा (1961) ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ झाला, आणि या सगळ्यांचं रक्त घेऊन 1975 मध्ये ‘शोले’ जन्मला. जपानातून मेक्सिकोत, मेक्सिकोतून रामगढला जर कथा सुखरूप पोचते, तर स्थळाचा आग्रह कशाला? ‘आउटलँड’मध्ये (1981) तर ‘हाय नून’ची वळणं थेट गुरूच्या चंद्रावर नेली आहेत. पण या प्रवासात काय बदललं यापेक्षा काय बदलू दिलं नाही ते बघावं. कुरोसावाने ‘सेव्हन सामुराय’साठी सोळाव्या शतकातला यादवीचा जपान निवडला, जेव्हा मालक गमावलेले सामुराय रस्त्यांवर हिंडत होते; शतक सरता सरता शेतकऱ्यांची हत्यारं काढून घेण्यात आली, कोण शेतकरी आणि कोण लढवय्या हे पक्कं झालं, आणि तसली कथा घडण्याची सोय संपली. ‘आउटलँड’मधला मार्शलही शेवटी यान धरून पृथ्वीकडे निघतो. स्थळ बदललं, पण प्रत्येकाने निघून जायला वाट असलेलंच स्थळ शोधलं.

‘शोले’चं प्रकरण याहून मजेशीर आहे. जय आणि वीरू हे दोघे भुरटे चोर. ना त्यांना गाव, ना घर, ना जात. भारतीय चित्रपटात असं पूर्णपणे बिनमुळाचं पात्र त्या काळी क्वचितच दिसे. आणि ते ज्या रामगढला येतात त्याला राज्य नाही, जिल्हा नाही, बोलीला ठाव नाही. कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकांत ते उभं केलं, आणि आगगाडीचा प्रसंग पनवेलजवळ घेतला. गावात वीज नाही, पण वीरूला चढायला पाण्याची टाकी मात्र आहे! लोक याला हसतात. मला ती टाकी प्रामाणिक वाटते, कारण हे गाव कुठलंच नाही याची ती कबुली आहे. भारतात वेस्टर्न जमवायचा तर आधी गावाचा सातबारा पुसावा लागतो. तरीही पुसून न गेलेलं काही उरलंच. जपानी आणि मेक्सिकन कथेत शेतकरी स्वतः पैसे गोळा करून लढवय्ये आणतात. रामगढमध्ये ठाकूर आणतो, स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या सुडासाठी. जयचा जीव जातो तेव्हा ठाकुराच्या विधवा सुनेच्या पुनर्विवाहाचा प्रश्नही परस्पर मिटतो. गोळी गब्बरच्या टोळीची, सोय गावाच्या रिवाजाची. आणि मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारतो, तो आणीबाणीतल्या सेन्सॉरने चालू दिला नाही. पोलीस येतात आणि गब्बरला ताब्यात घेतात, असा शेवट करावा लागला. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेणं सरकारला खपलं नाही. कायदा अजून पोचलेला नाही असं वेस्टर्न म्हणतो; 1975 च्या सरकारने पडद्यावर पोलीस पाठवून तो पोचल्याचं दाखवून दिलं.

‘बनगरवाडी’चा (1955) विचार इथे टाळता येत नाही. माणदेशातली उजाड जमीन, मेंढरं, परका माणूस वस्तीत येतो, काही उभारतो, दुष्काळात वस्ती पांगते, तोही जातो. सांगाडा इतका जुळतो की थोडं दचकायला होतं. फरक एवढाच की व्यंकटेश माडगूळकरांचा परका माणूस मास्तर आहे. औंध संस्थानाने त्याला पाठवलं आहे, तालमीच्या उद्घाटनाला राजा येतो, आणि मास्तरने जायचं कधी हे सरकार ठरवतं. शेनच्या जागी पगारी नोकर आला, की निघून जाणं म्हणजे बदली होते.

परभणीच्या जमिनीकडे परत येऊ, कारण वेस्टर्नच्या पोटातलं खरं भांडण इथे जसंच्या तसं सापडतं. ते भांडण गोळीचं नाही, चराईचं आहे. खुल्या कुरणावर गुरं हाकणारे मोठे पशुपालक विरुद्ध तुकडा नांगरून कुंपण घालू पाहणारे लहान शेतकरी. 1874 च्या काटेरी तारेच्या पेटंटने ते पेटलं, 1892 मध्ये वायोमिंगच्या जॉन्सन काउंटीत त्याचं लहानसं युद्ध झालं. मराठवाड्यात त्या कुरणाचं नाव गायरान. गावच्या गुरांसाठी राखलेल्या या जमिनीवर भूमिहीनांनी, मुख्यतः दलितांनी, नांगर घातला. 1959 आणि 1964 मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. हजारो लोक तुरुंगात गेले. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची ठरावीक अतिक्रमणं नियमित करायची वाट उघडली. ताबा सिद्ध कशाने करायचा? तलाठ्याच्या एक-ई नोंदीने, म्हणजे अतिक्रमणाच्याच नोंदवहीने, दंडाच्या पावतीने, पंचनाम्याने. आपण गुन्हा केला याचा सरकारी पुरावा हाच आपल्या हक्काचा पुरावा. तो कागद जपून ठेवायचा. होमस्टेडवाल्यालाही पाच वर्षं जमीन कसल्याचं सिद्ध करावं लागे, पण ज्याच्याशी भांडून ती मिळवली त्याच्याच विहिरीवर पाणी भरायची पाळी त्याच्यावर सहसा येत नसे. इथे पीक मोडणारा आणि पीक घेणारा एकाच गावात राहतात, एकाच रेशन दुकानाच्या रांगेत उभे असतात. असल्या भांडणाला दुपारी बाराची वेळ ठरत नाही. ते तहसिलात तारखेमागून तारीख चालतं, बाप गेल्यावर मुलाच्या नावाने चालतं, आणि त्यात निर्णायक हत्यार झेरॉक्स असतं. सेलू तालुक्यातून आलेले आसाराम लोमटे यांच्यासारखे कथाकार (‘आलोक’ला 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला) गावातल्या सत्तेबद्दल लिहितात, तेव्हा त्यांच्या हाती हे साहित्य आहे, आणि त्यातून होते ती कथा गुंतागुंतीची आणि न संपणारी असते. त्यांनी वेस्टर्न लिहिला नाही यात काही कमी पडलेलं नाही. या जागेत तो बसत नाही.

शेवटचा एक आक्षेप राहतो, आणि तो आजचा आहे. मराठवाड्यातली माणसं निघून जात नाहीत असं कसं म्हणावं? दसरा सरला की जिंतूर, गंगाखेडच्या तांड्यांवरून आणि वाड्यांतून ट्रॅक्टर भरून माणसं पश्चिमेकडे ऊसतोडीला निघतात. पश्चिमेकडे, हेही खरं. पण ते एकट्याने निघत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, पोरं आणि बैलं सोबत असतात. निघण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती बहुधा आधीच्या देण्यात किंवा लग्नात जिरलेली असते, आणि हंगाम संपेपर्यंत फिटली नाही तर बाकी पुढच्या सालाच्या नावावर चढते. पुढच्या दसऱ्याला तोच मुकादम, तोच ट्रॅक्टर.